सुट्या पानाचे मनन

या मननाला आसन लागत नाही आणि जपमाळही लागत नाही. लागतो एक जुना छापील कागद, एकाच पानाचा, ज्यावर कविता आहे. बहुतेक मराठी घरांत तो सापडतो: आत्याच्या लग्नात वाटलेली मंगलाष्टके, गावच्या उत्सवातली आरती, शाळेतल्या गुरुजींच्या निरोपसमारंभाचे पद्यमय मानपत्र. मिळाला तर समोर ठेवा, नाहीतर मनाने धरा. श्वास संथ होऊ द्या.

लगेच वाचायला घेऊ नका. आधी कागद नुसता पाहा. घडीवरची रेघ कुठे विरली आहे? कडा किती पिवळ्या पडल्या आहेत? हा पिवळेपणा बाहेरून आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यातून होणारे आम्ल कागदाला आतूनच खाते. त्याआधीचा चिंध्यांपासून हाताने केलेला कागद दोनशे वर्षांनीही लवचीक राहतो. म्हणजे पणजोबांच्या काळातले हस्तलिखित टिकते आणि आजीच्या लग्नातली मंगलाष्टके हातात तुटतात. या विचारापाशी थोडे थांबा. घाई नाही.

आता मन तंजावरला न्या. कावेरीच्या खोऱ्यातले हे गाव. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस, बाकीचे दिवस दमट उन्हाळा. कसर आणि वाळवी यांना याहून सोयीची हवा कोणती! अशा गावात, भोसल्यांच्या राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महाल ग्रंथालय उभे आहे. आत हजारो पोथ्या आहेत: संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि तीन हजारांच्या आसपास मराठी. शिवाय मोडी कागदांचे रुमाल. कपाटांत वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवण्याची तिथली जुनी रीत आहे. तो वास आठवून पाहा. वेखंड तुमच्याही घरात बाळंतिणीच्या खोलीत असेल. नवजात बाळासाठी आणि जुन्या कागदासाठी माणसाने एकच मुळी हाताशी धरली, हे मला फार मोलाचे वाटते.

हा संग्रह वाढवला दुसऱ्या सरफोजीराजांनी. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या हयातीतच तंजावरचे राज्य इंग्रजांनी घेतले आणि त्यांच्याकडे किल्ला व भोवतालचा थोडा परिसर एवढेच उरले. त्यांनी दोन कामे अशी केली की ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या वंशाचे चरित्र मराठीत दगडावर कोरवले. आणि दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. पुण्यात तेव्हा पेशवाई होती. या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ निघाली, म्हणजे इसापच्या गोष्टींचे सख्खण पंडितांनी केलेले मराठी रूप. एकीकडे दगड, जो कुणी सांभाळला नाही तरी राहतो. दुसरीकडे कागद, जो कुणीतरी सांभाळला तरच राहतो. त्या माणसाने दोहोंवर विश्वास ठेवला. १८२० ते १८२२ या काळातल्या काशीयात्रेतही त्यांची ग्रंथ जमवण्याची ओढ सुटली नाही.

तुमच्यासमोरचे पान यांपैकी कुठे बसते? पोथीत नाही आणि शिळेवरही नाही. त्याला पुठ्ठा नाही, शिवण नाही. ते कुणी जपावे म्हणून छापलेलेच नव्हते. त्या दिवशी वाचावे, गावे आणि विसरावे, एवढ्यासाठीच छापलेले. तरी ते उरले, कारण कुणीतरी ते ट्रंकेत टाकले. तो हात कुणाचा असेल? एक श्वास त्या हातासाठी घ्या.

सरफोजीराजांच्याच काळात अमेरिकेत आयझाया थॉमस नावाचा मुद्रक होता. १८१२ मध्ये त्याने वुस्टर गावी अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापन केली. १८१३ मध्ये त्याने बॉस्टनमध्ये रस्त्यावर विकली जाणारी एकपानी गाणी विकत घेतली, तीनशेहून अधिक, आणि १८१४ मध्ये ती तीन खंडांत बांधून संस्थेला दिली. लढायांची, प्रेमाची, फाशी गेलेल्यांची गाणी. प्रतिष्ठित लोक त्यांना कचरा समजत. थॉमसने ती ताजी असतानाच उचलली, म्हणून ती आज वाचता येतात. संग्रह करण्याचे खरे धैर्य मला यात दिसते. जुने झाल्यावर मौल्यवान म्हणायला फारसे काही लागत नाही. वस्तू क्षुल्लक असताना तिच्यापुढे वाकावे लागते.

आता हात पुढे करा. कोरडे, स्वच्छ हात. पान दोन्ही तळव्यांवर घ्या. फाटलेली जागा दिसली की जोडावीशी वाटेल. ती ऊर्मी येऊ द्या आणि जाऊ द्या. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन शाईत उतरतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. जपण्याच्या नावाखाली केलेला तो घातच म्हणायचा. घडी सावकाश उघडा, जबरदस्ती नको. ज्याला सपाट व्हायचे नाही त्याला तसेच राहू द्या. कागदाला आणखी इजा होऊ न देणे, एवढेच आपले काम.

मग वाचा. मोठ्याने, सावकाश, चालीत येत असेल तर चालीत. तंजावरच्या मराठी कीर्तनातल्या साकी आणि दिंडी तमिळ हरिकथेने अशाच कंठातून उचलल्या आणि आपल्या केल्या. कवीचे नाव बहुधा सापडणार नाही. वधूवरांची नावे सापडतील, तिथी सापडेल, तळाशी छापखान्याचे नाव. त्या तीन ओळी कवितेइतक्याच जपायच्या आहेत, कारण त्यांच्याविना पान निराधार होते.

आपली मंगलाष्टके कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाने मन लावून जमवलेली माझ्या पाहण्यात नाहीत. तेव्हा आज घरातले ते पान शोधा. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर, पान आत घालण्याआधी, पेन्सिलीने लिहा: कुणाचे लग्न, कोणते गाव, कोणते साल, पान कुणी जपले. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसे घरात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या.