अंतकाळी आठवायचं कोणी?

देह सोडताना मनात जे असेल तसा जीव पुढे जातो, हा गीतेच्या आठव्या अध्यायातला विचार कधी पोथी न उघडलेल्यालाही ठाऊक असतो. म्हणून बीड जिल्ह्यातल्या गावात म्हातारं माणूस शेवटच्या घटका मोजू लागलं की कोणी कानाशी विठ्ठलाचं नाव घेतं, कोणी तोंडात तुळशीपत्र ठेवून गंगेचं पाणी घालतं. भागवतातला अजामिळ कीर्तनात हमखास येतो; त्याने हाक मारली मुलाला, पण मुलाचं नाव नारायण असल्याने तेवढ्यावर तो तरला. मग जिच्या मनातून पांडुरंगाचं, पोटच्या पोराचं आणि शेवटी स्वतःचंही नाव मरणाच्या कितीतरी आधी पुसलं गेलं, त्या माळकरी बाईचं काय? जन्मभराची एकादशी ऐनवेळी वाया गेली म्हणायची का? हा प्रश्न धर्माचा आहे, पण त्याच्या पोटात वैद्यकाचा एक प्रश्न दडलेला आहे: ती बाई गेली कशाने? माझ्या मते दोन्ही ठिकाणी आपली नजर एकाच जागी अडकते. शेवटचा क्षण डोळ्यांत भरतो आणि तिथवर आणणारी वाट दिसेनाशी होते.

वैद्यकाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तिथे निदान एक कागद आहे. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टर ज्या नमुन्यावर देतात, त्यात कारणांची उतरंड लावायची असते. वरच्या ओळीत तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवलं ते, आणि सगळ्यांत खाली मूळ कारण, जिथून ही साखळी सुरू झाली. शेजारच्या रकान्यात प्रत्येक गोष्ट मरणाच्या किती आधी सुरू झाली तो काळ लिहायचा. 'हृदय बंद पडलं' एवढंच लिहू नका, ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे, अशी सूचनाही असते. नमुना शहाण्या माणसांनी केला आहे यात शंका नाही. पण २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्या बहुतेकांची नोंद घरचे सांगतील त्यावर होते, आणि घरचे सांगतात, म्हातारपण.

स्मृतिभ्रंशाने माणूस मरतो हेच मुळात पुष्कळांना पटत नाही. विसरण्याने कोणी मरतं का? विसरण्याने नाही मरत. पण हा आजार आठवणींपाशी थांबत नाही. मेंदूच्या पेशी नासत जातात तसं चालणं अडखळतं, लघवीवरचा ताबा सुटतो, बोलणं दोन-चार शब्दांवर येतं आणि अखेरीस गिळण्याची क्रिया बिघडते. घास तोंडात तसाच राहतो. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, पुढे पुढे ठसकाही लागेनासा होतो आणि फुप्फुसात न्यूमोनिया धरतो. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात वृद्धाश्रमांतल्या ३२३ रुग्णांची, सगळे शेवटच्या अवस्थेतले, दीड वर्ष पाहणी झाली आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. तेवढ्या काळात निम्म्याहून अधिक, ५४.८ टक्के रुग्ण दगावले. न्यूमोनिया होण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं, खाण्या-गिळण्याच्या तक्रारींचं जवळपास ८६ टक्के. म्हणजे आजीने अन्नपाणी सोडलं असं आपण म्हणतो, त्यात निश्चय शोधतो, क्वचित विरक्तीही शोधतो, तेव्हा पुष्कळदा ती या आजाराची शेवटची पायरी असते. नळी घालून अन्न दिल्याने या अवस्थेत आयुष्य वाढतं असंही आढळलेलं नाही. उठवून बसवून, घाई न करता, छोट्या घासांनी हाताने भरवणं हेच बरं मानतात.

आणि हे भरवतं कोण? बहुतेक घरांत सून. शेवटचा पेला तिच्या हातचा, ठसका तिच्यासमोर लागला, दोन दिवसांनी म्हातारी गेली. दहाव्याला आलेल्या बायका कुजबुजायच्या ते कुजबुजतातच. साखळीतली शेवटची कडी कारण ठरली की ती कडी जिच्या हातात होती ती अपराधी ठरते. खालच्या ओळीतला आजार न लिहिण्याची किंमत ही अशी कोणीतरी मोजत असतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाच्या मरणाला आजाराचं नाव कशाला हवं? पिकलं पान गळतंच. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ ९६ व्या वर्षी, २०२२ साली गेल्या, तेव्हा त्यांच्या प्रमाणपत्रावरही कारण म्हणून वार्धक्य एवढंच लिहिलं होतं. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक मरणाला वैद्यकाच्या दावणीला बांधू नये. पण वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश एक नव्हेत. भारतातल्या साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. शंभरातल्या ब्याण्णवांना जे होत नाही त्याला वयाचा धर्म कसं म्हणायचं? म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेलेली गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मृत्यूंच्या हिशोबात जगात सातव्या क्रमांकाला धरली. जिथे कागद काटेकोर आहेत असं आपण समजतो तिथेही गळती आहेच. अमेरिकेतल्या सत्तरीपुढच्या मृत्यूंच्या एका अभ्यासात प्रमाणपत्रांवर स्मृतिभ्रंश मूळ कारण म्हणून ५ टक्के दिसला, तर प्रत्यक्षात त्याच्याकडे जाणारे मृत्यू १३.६ टक्के असावेत असा निष्कर्ष निघाला.

बीडमध्ये ही गळती आणखी एका वाटेने होते. या आजाराचं निदान नुसतं रक्त तपासून होत नाही. केव्हापासून विसरतात, वाट कधी चुकले, पैसे मोजता येईनात ते कधीपासून, हे जवळच्या माणसाने सांगावं लागतं. आणि धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली ती जवळची माणसं दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकातही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेजारपाजार. थंडीत आजोबा पडले, खुबा मोडला, अंथरुणाला खिळले आणि छाती भरून गेले, तर गाडी करून धावत आलेला मुलगा काय सांगणार? त्याने पाहिलं ते शेवटचे दोन दिवस. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीच उभारलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण विचारणारा डॉक्टर असून भागत नाही, सांगणाराही लागतो.

दुसरं उत्तर आपल्याकडे तयारच असतं: कर्माचे भोग. कर्मसिद्धान्त मी मोडीत काढत नाही. पण हिशोब नीट मांडायचा तर या आजाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी पाहाव्या लागतील. लहानपणी न मिळालेलं शिक्षण, ऐकू न येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा या त्यांतल्या काही. भारतात स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त निघालं, ते उगाच नाही. पंचाहत्तरीतल्या जिने शाळेची पायरी चढली नाही आणि जिच्या रक्तदाबाची गोळी कधी सुरूच झाली नाही, तिचा विसर तिच्या मागल्या जन्माच्या खात्यावर लिहिणं म्हणजे आपलं देणं तिच्या नावावर टाकणं झालं.

याहून टोकदार म्हणणं वेगळंच आहे, आणि ते प्रेमाने केलं जातं: माणूस कधीच गेला होता, उरला होता तो देह. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकात मांडलं की कालचा मी आणि आजचा मी एक ठरतो तो जाणिवेच्या, आठवणीच्या धाग्याने. धागा तुटला की माणूस तोच राहिला असं म्हणता येत नाही. पण आपल्या मातीत याला जुना प्रतिपक्ष आहे. ज्यांची समाधी अंबाजोगाईच्या दरीत दाखवतात त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा मानला जातो, आणि तो अद्वैत सांगणारा ग्रंथ आहे. अद्वैताच्या मांडणीत स्मृती अंतःकरणाचा भाग, आणि अंतःकरण म्हणजे आत्मा नव्हे. गाढ झोपेत आठवण नसते, नाव नसतं, तरी झोपलेला माणूस नाहीसा झाला असं कोणी म्हणत नाही. झोपलेला उठतो, हा नाही उठत, असं कोणी म्हणेल. खरं आहे, पण उठण्यावर असणं अवलंबून असेल तर पहाटे झोपेतच गेलेला माणूस रात्रीपासूनच नव्हता म्हणावं लागेल. अद्वैत न मानणाऱ्यालाही एवढं दिसतं की नाव विसरलेली म्हातारी ओळखीच्या अभंगाच्या चालीवर ओठ हलवते, ढोसून भरवलं की तोंड फिरवते, हात धरला की घट्ट धरते. जो कधीच गेला त्याला दुखत नसावं असा सोयीचा समज मात्र या म्हणण्यातून निघतो, आणि मग मलमपट्टी, कूस बदलणं, वेदनेची गोळी, सगळं लांबणीवर पडतं.

आता पुन्हा अंतकाळाकडे. आठव्या अध्यायातला तो विचार अर्धाच वापरला जातो. अंतकाळी तेच आठवतं ज्याच्या भावनेत माणूस सदा राहिला, असंही तिथेच म्हटलं आहे, आणि लगेच, म्हणून सर्व काळ माझं स्मरण कर. शेवटचा क्षण तिथे कारण नाही, आयुष्यभराच्या वळणाचं फळ आहे. प्रमाणपत्राच्या भाषेत वरची ओळ. फळ आलं नाही, मेंदू आधीच नासल्यामुळे, तर मूळ नव्हतं असं ठरत नाही. तरीही कोणी अडून बसेल की स्मरण घडलं नाही ते नाहीच. त्याला श्रीवैष्णवांनी शिरोधार्य मानलेलं, विष्णूच्या वराह अवताराच्या तोंडचं वचन दाखवावं. त्याचा आशय असा: मन धड असताना, शरीर ठीक असताना ज्याने मला आठवलं, तो पुढे मरताना लाकडासारखा, दगडासारखा पडला तरी मी त्याला आठवतो आणि परमगतीला नेतो. आठवण्याचं काम इथे मरणाऱ्याकडून काढून घेतलं आहे. स्मृतिभ्रंशाच्या घरात हे एरवीही असंच चालतं. तिला काय आवडायचं, कोणत्या कुशीवर झोप लागते, गोळी कशात घालून दिली की ती घेते, हे दुसरं कोणीतरी तिच्यासाठी लक्षात ठेवत असतं. त्या नमुन्यातला काळाचा रकानाही, न्यूमोनियासमोर चार दिवस, गिळता न येण्यासमोर सहा महिने, स्मृतिभ्रंशासमोर सात वर्षं, असा भरता येतो तो त्याच माणसाला. बीडच्या पुष्कळ गावांत तो माणूस गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय घरी येत नाही, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.