शिकतंय की राबतंय?

शाळेतल्या मुलांना कामाच्या जागी पाठवावं की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ती जायला लागली आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे पाठवायचं सुचवलं. पुढच्या वर्गांत तर रिटेल, ऑटोमोबाइल, ब्युटी अँड वेलनेस असे विषयच आहेत आणि त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष जागेवरचा सराव. आमच्या बेळगावातही संध्याकाळच्या जेवणाला बसलं की कुणाची पोरगी कुठे लागली, कुणाच्या मुलाला काय काम दिलं, हीच चर्चा. मला पडलेला प्रश्न पुढचा आहे. पोर त्या जागी शिकतंय की नुसतं राबतंय, हे ओळखायचं कसं? आणि राबत असेल, तर त्याचं देणं कुणाच्या अंगावर?

आमच्या गल्लीतली एक मुलगी, सोळा वर्षांची. शाळेने तीन आठवड्यांसाठी एका पार्लरमध्ये पाठवली. पहिले दोन दिवस तिला बघायला बसवलं. मग केस झाडणं, टॉवेल धुणं, चहा आणणं. लग्नसराई होती, घरी यायला आठ-साडेआठ. मालकीणबाई दुष्ट वगैरे नाही हं, प्रेमाने वडापाव देते, तो पोरगी सूर्य मावळल्यावर खात नाही ही गोष्ट वेगळी. तिच्या आईला मी म्हटलं, अगं, काही विचार तरी. ती म्हणाली, "फुकटात शिकायला मिळालंय, वर पैसे कसे मागू?"

उलट माझ्या बहिणीचा नातू. उद्यमबागेत एका कारखान्यात गेला होता. मशिनला हात लावायची परवानगी नव्हती, आणि ते बरोबरच. पण तिथल्या जुन्या टर्नरने त्याच्या हातात व्हर्नियर कॅलिपर दिलं आणि तयार झालेले नग मोजायला बसवलं. पोराने पहिल्या दिवशी अर्धे चुकीचे मोजले. टर्नर म्हणे, चुकू दे, मी परत मोजतो. म्हणजे त्या माणसाचं काम वाढलं. मला वाटतं, खूण इथेच आहे. शिकणाऱ्याला बिघडवायची मुभा असते, नोकराला नसते. पोर आल्यामुळे पहिले काही दिवस मालकाचं काम वाढलं असेल तर ते शिकतंय. पहिल्या दिवसापासून कमी झालं असेल, तर तिथे कुणीतरी पगाराचा माणूस वाचवलाय. टॉवेल धुताना कुणी काय बिघडवणार?

अंगमेहनत म्हणजे शिक्षण नव्हे, असं मात्र मी म्हणत नाही. तसं म्हणायला आपल्या लोकांना तरी तोंड नाही, कारण "कमवा आणि शिका" हे शब्द ज्यांच्या नावाशी जोडले गेले ते भाऊराव पाटील आपल्याच कुंभोजचे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. गांधीजी १९२७ मध्ये तिथे येऊन गेले. मुलं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, पडेल ते काम करायची. पण त्या घामाचा हिशेब कुठे जमा होत होता ते बघा. त्यांच्याच ताटात आणि त्यांच्याच वहीत. मधे कुणी व्यापारी नव्हता. भाऊरावांनी स्वतः ओगले, किर्लोस्कर यांच्या मालाची विक्री करत गावं पालथी घातली होती, त्यांना नफा कशाला म्हणतात ते चांगलं ठाऊक होतं. तरी पोरांच्या श्रमात त्यांनी नफा शोधला नाही.

आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. १९३० मध्ये त्या गेल्या. सोवळ्या घरात वाढलेल्या त्या बाईने कुणाकुणाच्या पोरांना रांधून वाढलं असेल, त्याला काही मोजदाद आहे का? मंगळसूत्राची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण सोन्याला भाव असतो. चुलीपुढच्या वर्षांना नसतो. मुलांच्या श्रमाला "स्वावलंबन" असं छान नाव मिळालं, बाईच्या श्रमाला "त्याग". त्याग म्हटलं की हिशेब मागायची सोयच उरत नाही. पार्लरवाल्या मुलीच्या आईच्या तोंडचं "पैसे कसे मागू" मला थेट तिथूनच आलेलं वाटतं.

ही भीती जाणत्या माणसांना पूर्वीच वाटली होती. १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची कल्पना. योजना आखायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष झाकिर हुसेन. त्या समितीने स्वतःच्याच अहवालात इशारा देऊन ठेवला की पैशाच्या बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घ्यायच्या मागे लागतील आणि शिकवणं बाजूला राहील. योजनेच्या बाजूच्या माणसांनीच हे लिहिलं, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

आपल्या अणुव्रतांत अहिंसेचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांतले दोन आपण बैल-घोड्यांपुरते मानून पुढे जातो: अतिभारारोपण, म्हणजे ताकदीबाहेर ओझं लादणं, आणि अन्नपाननिरोध, वेळेवर खायला-प्यायला न देणं. मारलं नाही, रक्त काढलं नाही, तरी ती हिंसाच. यात ओझं वाहणाऱ्याची तक्रार आहे का, असं कुठे विचारलेलं नाही. बैल तक्रार करत नाही. सोळा वर्षांची मुलगीही करत नाही, उलट "मला आवडतं तिथे" म्हणते. आठपर्यंत थांबून उपाशी घरी येते आणि आवडतं म्हणते! त्या उत्तरावर निभावून न्यायचं का?

अचौर्याचंही तसंच. न दिलेलं घेऊ नये. पोरगी श्रम आपणहून देते, मग घ्यायला काय हरकत? पण सरावाच्या कागदावर सही मालकीणबाईंची, त्या सहीवर गुण. नाही म्हणायची सोय नसेल तिथे दिलेलं हे खरोखर दिलेलं असतं का? मला तरी ते अर्धं दिलेलं आणि अर्धं घेतलेलं वाटतं.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत केली तर चालते. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर बंदी. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार झाला तर विद्यावेतन द्यावंच लागतं. पण शाळेच्या विषयाचा भाग म्हणून वीस दिवस जाणारं पोर त्या करारात बसत नाही. माझी भाची कॅनडात ऑन्टारिओत असते. तिथेही हायस्कूलची मुलं अशीच जातात. एकशे दहा तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट असा हिशेब, आणि पैसे बहुधा नाहीतच. पण जाण्याआधी एका करारपत्रावर मुलाची, पालकांची, मालकाची आणि शाळेची अशी सर्वांची सही लागते, आणि बिनपगारी मुलाला कामावर इजा झाली तर भरपाईच्या विम्याची सोय शिक्षण खात्याकडून असते. पोर फुकट असलं तरी बेवारशी नाही. आमच्या गल्लीतल्या मुलीच्या हाताला उद्या गरम मेण लागलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे तिच्या आईला कुणी सांगितलेलं नाही.

घरच्या धंद्याची सवलत मात्र मला पूर्ण गोड लागत नाही. शहापुरात मागावर बसलेल्या बापाशेजारी बसून पोर जे शिकतं ते कुठल्याच शाळेत मिळणार नाही, हे खरं. आपल्याकडेही मुलगा दहा वर्षांचा झाला की सुट्टीत दुकानात बसतो, मापं शिकतो, गिऱ्हाईक ओळखायला शिकतो. आणि मुलगी? ती त्याच सुट्टीत भाकरी थापायला आणि पापड लाटायला शिकते. त्याचं ते धंद्याचं शिक्षण, तिचं ते वळण. त्याला दिवाळीला दुकानातून काहीतरी हातावर ठेवतात. तिच्या हातावर काय ठेवतो आपण?

माझ्या धाकट्या दिरांचं खडे बाजारात कापडाचं दुकान आहे. यंदा त्यांच्याकडे रिटेल विषयाची दोन मुलं आहेत. मी विचारलं, भावजी, पोरं काय करतात? म्हणाले, घड्या घालतात, तागे चढवतात उतरवतात, हुशार आहेत. म्हटलं, मग त्यांना सुती कुठलं आणि मिश्र कुठलं ते सांगा, एखादा ताग्याचा भाव कसा पडतो ते दाखवा, बिल करू द्या. "बिल चुकलं तर?" म्हणाले. मी म्हटलं, चुकेल की. बसचे पैसे आणि दुपारचं जेवण द्यायला ते कबूल झाले. पगाराचं नाव काढलं तर म्हणतात, वहिनी, उद्या शाळा पोरंच पाठवायची नाही. बिलाच्या टेबलाशी परवापासून एकाला बसवलंय. पगारावरून मात्र आमचं अजून चाललेलंच आहे.