अर्धे सत्य, पुरी किंमत

खरे बोलूनही माणसाला फसविता येते काय? प्रश्न जुना आहे. अश्वत्थामा मेल्याचे सांगताना धर्मराजाने शब्दाची सत्यता सांभाळली. परंतु द्रोणाचार्यांचा गैरसमज व्हावा, हाच त्यामागील हेतू होता. जाहिरातींचा विचार करू लागलो की मला ही गोष्ट आठवते.

आमची देडतलाई मध्य प्रदेशाच्या टोकाला. पलीकडे धारणी, मेळघाट. घरात मराठी, कचेरीत हिंदी, शेजारी कोरकू. कापूस मात्र दोन्हीकडे पिकतो आणि बियाण्याच्या जाहिराती सीमा पाहून थांबत नाहीत. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातील एक प्रकरण मला आपल्या घरचेच वाटते.

२००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. २००८ च्या ऑक्टोबरात 'टाइम्स ऑफ इंडिया'ने भांबराजा व अंतरगाव या गावांची भरभराट वर्णन करणारे पानभर वृत्त छापले. तेथे आत्महत्या झालेल्या नाहीत, असेही त्यात होते. २०११ च्या ऑगस्टात तोच मजकूर पुन्हा आला, तो महिको-मोन्सँटोच्या जाहिरात मोहिमेचा भाग म्हणून. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या कृषी समितीचे सदस्य भांबराजात गेले, तेव्हा गावकऱ्यांनी गावात १४ आत्महत्या झाल्याचे सांगितले. पी. साईनाथ यांनी हे सारे 'द हिंदू'तून मांडले. बीटीमुळे शेतकऱ्यांचे उत्पन्न ३१,५०० कोटींनी वाढले, हा त्या मोहिमेतील दावा सिद्ध झालेला नाही, असा निर्वाळा जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या 'आस्की' या संस्थेनेही दिला.

कुणी म्हणेल, विकणारा आपल्या मालाची स्तुती करणारच. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. यात तथ्य आहे. साबणाची पारख आठवड्यात होते आणि नुकसान एका वडीचे. बियाण्याची पारख व्हायला दिवाळी उजाडते. तोवर कर्ज डोक्यावर बसलेले असते, हंगामही हातचा गेलेला असतो. पारख करण्याची संधी गिऱ्हाइकाला जेवढी कमी, तेवढी सांगणाऱ्याची जबाबदारी अधिक, असे मला वाटते.

आणि न सांगितलेल्याचे काय? बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे पाकीट येई. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे बोंडअळी बीटीला लवकर सरावत नाही. अनेकांनी ते पेरलेच नाही. त्यामागील कारण त्यांच्यापर्यंत नीट पोचलेच नव्हते. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली, त्याची इतरही कारणे होती, पण हे त्यांतील एक. २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याचा फटका सोसला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती मुद्दाम दडविणे हीही दिशाभूलच मानली आहे. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. परंतु कायदा येतो तो नुकसान झाल्यावर. त्याआधीची कसोटी साधी आहे. जे वाक्य ऐकून गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला असता, नेमके तेच गाळले, तर बाकीची सारी वाक्ये खरी असूनही ती फसवणूकच होय.

दोन-तीन भाषा वाचणारी मुले आता आपल्या घरोघरी आहेत. पाकिटावरचा बारीक इंग्रजी मजकूर त्यांनी आजोबांना, शेजारच्या कोरकू शेतकऱ्याला पेरणीपूर्वी वाचून, समजावून द्यावा. एवढे तर आपल्या हाती आहे.