नियम, व्यवहार आणि पडद्यावरची इटालियन

शब्दाचा अर्थ नियमातून कळतो की व्यवहारातून, हा शब्दज्ञानाविषयीचा जुना प्रश्न आहे. व्हिडिओ पाहून इटालियन शिकणाऱ्यापुढे तो रोज उभा राहतो. काही व्हिडिओ व्याकरण समजावतात, काही नाटकांतले नि मालिकांतले प्रसंग दाखवतात, तर काही तिथल्या बाजारहाटाची आणि सणावारांची ओळख करून देतात. पहिल्यांत नियम सांगितलेला असतो; बाकीच्यांत लोक बोलताना, वागताना दिसतात.

वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या मीमांसकांचे उत्तर वृद्धव्यवहाराचे, म्हणजे मोठ्यांचे बोलणे-वागणे पाहून शिकण्याचे आहे. एक वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा उठून गाय आणतो. जवळ बसलेले मूल हे पाहते. या बोलण्याचा त्या कृतीशी संबंध आहे एवढेच त्याला तेव्हा कळते. त्यातले ‘गाय’ कोणते आणि ‘आण’ कोणते, हे कळत नाही. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये कानी पडतात. एक शब्द कायम राहून दुसरा बदलला की कृतीतलाही तेवढाच भाग बदलतो. शब्द घालण्या-काढण्याच्या या रीतीला आवापोद्वाप म्हणतात आणि तिच्यातून एकेका पदाचा अर्थ सुटा होतो. पदांच्या अर्थांतून वाक्याचा अर्थ कसा होतो, यावर मात्र मीमांसकांत मतभेद आहे. प्रभाकराच्या मते पदे परस्परांशी जोडलेलाच अर्थ सांगतात. कुमारिलाच्या मते ती आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग ते अर्थ एकमेकांशी जुळतात. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, शब्दाची शक्ती (अर्थ सांगण्याचे सामर्थ्य) कळण्याच्या साधनांत व्याकरण, कोश आणि व्यवहार ही सगळीच मोजली आहेत.

युरोपात हा प्रश्न संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात मांडला. लॅटिन तो दायांच्या लाडात, हसतखेळत शिकला. ग्रीक त्याला शिक्षेच्या धाकाने शिकवली गेली आणि ती त्याला कधी आवडली नाही. भाषा शिकण्यात धाकापेक्षा मोकळ्या कुतूहलाचे बळ मोठे, असा निष्कर्ष त्याने काढला. शब्द मात्र आपण मोठी माणसे वस्तू दाखवून तिचे नाव घेत, त्यावरून शिकलो, असे तो सांगतो. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइनचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच उताऱ्यापासून सुरू होतो, तो त्याची चिकित्सा करण्यासाठी. बोट दाखवले तरी ते वस्तूकडे, तिच्या रंगाकडे की संख्येकडे, हे बोट सांगत नाही. मीमांसकांचे मूल या अडचणीत कमी सापडते, कारण ते पुरे होणारे काम पाहते आणि एका वाक्याशी दुसरे ताडून बघते.

विट्गेनस्टाइनचे स्वतःचे मत बदलण्यात एका इटालियन माणसाचा हात होता. त्याचा शिष्य नॉर्मन माल्कम याने आपल्या आठवणींत तो प्रसंग दिला आहे. विधान आणि ते ज्याचे वर्णन करते ती वस्तुस्थिती, या दोहोंचे तार्किक रूप एकच असले पाहिजे, असा विट्गेनस्टाइनचा आग्रह होता. केंब्रिजमधले अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा यांनी हनुवटीखालून बोटांची टोके बाहेर झटकली आणि विचारले, ‘याचे तार्किक रूप कोणते?’ नेपल्सकडे ही खूण बेपर्वाईची किंवा तुच्छतेची मानतात. अशा खुणांवर तिथल्याच आंद्रेआ दे योरिओ या धर्मोपदेशकाने १८३२ साली अख्खा ग्रंथ लिहिला. व्याकरणाच्या पुस्तकात सहसा यासाठी प्रकरण नसते. भांडणाचा एखादा प्रसंग पाहिला की ती खूण समजते.

आदरार्थी रूपांचेही तसेच. समोरच्या पुरुषालाही ‘लेई’ हे स्त्रीलिंगी तृतीयपुरुषी सर्वनाम वापरायचे, हा नियम एका ओळीत सांगून होतो. फासिस्ट राजवटीने १९३८ मध्ये त्याला मनाई करून ‘वोई’ लादले. राजवट गेल्यावर ‘लेई’ पुन्हा रुळले. हे रूप कुठे सोडून ‘तू’वर यायचे, हे मात्र माणसे एकमेकांशी बोलताना पाहूनच उमगते. तू, तुम्ही आणि आपण यांत रोज निवड करणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आक्षेप येतो तो नाटकावर. रंगमंचावर दिलेले वचन खरे वचन नसते. म्हणून भाषेचा तत्त्वज्ञ ऑस्टिन याने अशा बोलण्याला पोकळ म्हणून बाजूला ठेवले. मग त्यातून शिकलेला व्यवहार खरा कसा? रसाची मीमांसा करणाऱ्या शंकुकाने नटाविषयी दिलेला चित्रातल्या घोड्याचा दाखला इथे उपयोगी पडतो. चित्र पाहून ‘हा घोडा’ असे म्हणणारा ना फसलेला असतो ना साशंक. अर्थ कळायला तेवढे पुरते. इटालियन नाटककार गोल्दोनीच्या नाटकातला नोकर दोन मालकांची एकदमच हांजी हांजी करतो. ते बोलणे लेखकाने रचलेले असले तरी नोकराने मालकाशी कसे बोलावे, हे त्यात अस्सल असते. व्याकरणालाही कमी लेखण्याचे कारण नाही. मूल घालत-काढत वर्षानुवर्षे जे शोधते, ते प्रौढ माणसाला नियमाच्या रूपाने आयते मिळते.

खुद्द इटलीत पडद्यावरून शिकवण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन येणारे लोक तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने २.५ टक्के होते. इतर अभ्यासकांनी हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास नेला. बाकीचे आपापल्या बोलीत बोलत. दूरचित्रवाणी १९५४ मध्ये आली. १९६० ते १९६८ या काळात अल्बेर्तो मान्झी हे शिक्षक मोठ्या कागदावर कोळशाने चित्रे काढत निरक्षर प्रौढांना पडद्यावरून लिहायला-वाचायला शिकवत. तरीही दे माउरो यांनी इटालियनच्या प्रसाराचे श्रेय एकट्या पडद्याला दिले नाही. सैन्य, सरकारी कचेऱ्या आणि दक्षिणेकडून उत्तरेच्या कारखान्यांकडे गेलेली माणसे, ही कारणे त्यांनी बरोबरीने मोजली. मान्झी यांचा कार्यक्रम पाहण्यासाठी ठिकठिकाणी केंद्रे उघडली होती, आणि तिथे शिकणाऱ्यांच्या मदतीला शिक्षक नेमलेले असत.