उन्हाचा जमाखर्च

फाल्गुन सरता सरता कुरखेड्याच्या जंगलात मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करण्याची जी रीत आहे, ती वणव्याच्या भयाने वनखात्याला नामंजूर असली, तरी फुले वेचणाऱ्याच्या सोयीची असल्यामुळे अद्यापि पुरती मोडलेली नाही; आणि त्या धुरातील फॉर्माल्डिहाइड या अवघ्या चार अणूंच्या रेणूचे दुपारच्या उन्हात काय होते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाही.

अतिनील किरण त्याला दोन प्रकारे फोडतात. एका वाटेने हायड्रोजनचा सुटा अणू व फॉर्मिल नावाचा चंचल तुकडा निघतो, आणि त्यांच्यापासून पुढे ओझोनपर्यंत पोहोचणारी साखळी सुरू होते. दुसऱ्या वाटेने हायड्रोजन वायू व कार्बन मोनॉक्साइड हे टिकाऊ रेणू निघतात आणि प्रकरण तिथेच मिटते. परंतु फॉर्मिलला हवेतील ऑक्सिजन तत्काळ गाठतो व त्याचाही कार्बन मोनॉक्साइडच करून सोडतो! सायंकाळी हवेचा नमुना तपासणाऱ्याला तो वायू सापडेल (धुरात तो मुळातच मुबलक, ही आणखी एक अडचण), पण तो कोणत्या वाटेने आला याचा दाखला त्याच्यापाशी नसतो. शेवटी जे उरले त्यावरून आधी काय घडले हे ठरवू पाहणारा येथे हमखास फसतो.

म्हणून तुकडा शेजाऱ्याला भेटण्यापूर्वीच त्याची जबानी घ्यावी लागते. केंब्रिजच्या नॉरिश व पोर्टर यांनी १९४९ च्या सुमारास एका प्रखर झोताने रेणू फोडून, लगेच दुसऱ्या झोताने तुकड्यांचा वर्णपट टिपला. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ॲक्रिलिक आम्लासारखे रेणू विरळ वायुरूपात १९३ नॅनोमीटरच्या लेझरने फोडतात व सुटलेल्या हायड्रॉक्सिलला दुसऱ्या लेझरने चमकवतात. त्या चमकेवरून तुकड्यांची संख्याच नव्हे, तर त्यांची गती व गिरकीही कळते.

लेझरांचे कौतुक सर्वांना असते. मला मात्र जमेची बाजू अधिक बिकट वाटते. किती प्रकाशकण शोषले गेले हे ठाऊक नसेल, तर किती तुकडे निघाले या आकड्याला किंमत नाही. त्यासाठी पोटॅशियम फेरिऑक्झॅलेटचे द्रावण फार काळ वापरात आहे: प्रकाश पडताच त्यातील लोह एक पायरी खाली उतरते, आणि उतरलेल्या लोहावरून प्रकाशाचा हिशेब लागतो. अर्थात एका प्रकाशकणामागे किती लोह उतरते, हे आधी कोणी तरी निराळ्या उपकरणाने मोजलेले असावे लागते.