कुणाची आई?

गेल्या दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत घराण्याचे फोटो होते. काही पुठ्ठ्यावर डकवलेले, काही चिकट पानांच्या अल्बममध्ये पिवळे पडून रुतून बसलेले. सगळे एका दुकानात स्कॅनिंगला दिले. चार दिवसांनी पेनड्राइव्ह हातात आला. चित्रं लख्ख होती, पण प्रत्येकाला नाव म्हणून नुसता आकडा होता आणि मागची बाजू एकाचीही घेतलेली नव्हती. घ्या म्हणून आम्हीही सांगितलं नव्हतं.

अंगणात काढलेल्या एका फोटोच्या मागे आजोबांनी शिसपेन्सिलीने लिहिलं आहे : ‘आई, काकू व मंडळी. शिमगा, शके 1868.’ आजोबांच्या दृष्टीने नोंद पुरी होती. आई म्हणजे त्यांची आई, हे तेव्हा घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण नात्याचा शब्द बोलणाऱ्याच्या आधाराने उभा असतो. बोलणारा गेला की ‘आई’ म्हणजे कुणीही बाई.

म्हणून मला वाटतं, फोटो जपण्याचं खरं काम नावं लावण्याचं आहे, स्कॅनिंग त्यानंतर. यावर कुणी म्हणेल, आधी कागद तर वाचवा. म्हणणं रास्त आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. अशा पुरात घरांच्या पेट्या आणि कपाटं एका दिवसात जातात. पूर नाही आला तरी कोकणातली दमट हवा, बुरशी आणि कसर आहेच. तेव्हा स्कॅन जरूर करावेत : लहान फोटो 600 डीपीआयवर, मूळ प्रत टिफमध्ये, आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. चिकट पानावरून फोटो ओढू नये, तो फाटतो. पानासकट स्कॅन करावा. पण हे काम पुढच्या वर्षीही होण्यासारखं आहे. फोटोतली माणसं ओळखणारी आत्या पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

बायकांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. माहेरच्या पेटीतली यमू आणि सासरच्या पेटीतली लक्ष्मी एकच, हे सांगणारा कागद सहसा कुठेच नसतो. कुलवृत्तान्तात पुरुषांच्या नोकऱ्या-बढत्या सविस्तर येतात आणि बाईला बहुधा एक ओळ मिळते. फोटोखाली दोन्ही नावं लिहिली, तर निदान दोन पेट्यांतली एक बाई एकत्र येते.

आणि कडेचा माणूस? आमच्या त्या फोटोत डाव्या टोकाला बैलाची वेसण धरून गडी उभा आहे, खांद्यापासून निम्मा कापला गेलेला. स्कॅन ‘नीट’ करताना अशा कडा पहिल्यांदा छाटल्या जातात. फोटो काढून घेणं तेव्हा ऐपतीचं काम होतं. त्या गड्याचं रूप कुठल्या कागदावर उरलं असेल, तर बहुधा ते आमच्याच पेटीत. त्याची प्रत त्याच्या नातवंडांकडे पोचवणं हे त्यांचं देणं फेडणं आहे. त्याला औदार्य म्हणता येत नाही.

वाटण्याची सोपी वाट व्हॉट्सअ‍ॅपची. तिथे चित्र आक्रसतं, खालची ओळ गळते आणि तिसऱ्या ग्रुपवर पणजीची कुणीतरी थोर समाजसेविका होते. अनुषा यादव यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये फोटोबरोबर घरच्यांनी सांगितलेली हकीकत येते. गावात हे याहून साधेपणाने जमेल. जत्रेला देवळाच्या सभामंडपात मोठ्या प्रती लावाव्यात, चेहऱ्यांना आकडे द्यावेत, शेजारी वही ठेवावी. एखाद्या घराला आपला फोटो चारचौघांत नको असेल, तर तो निमूट उतरवावा.

शेवटी मी तो फोटो घेऊन आत्याकडे गेलो. आत्या शहाऐंशीची. भिंग लावून तिने आधी कडेच्या माणसावर बोट ठेवलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, वाडी, सगळं एका दमात सांगितलं. ओढ्याला पाणी असलं की तोच तिला खांद्यावरून शाळेत पोचवायचा. मग मी मधल्या नऊवारीतल्या बाईंकडे बोट केलं. आत्या बराच वेळ बघत राहिली.

“ही आई. दादांची, म्हणजे तुझ्या आजोबांची आई. आम्हीसुद्धा तिला आईच म्हणायचो.”

“पण नाव?”

“नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकलीच नाही रे.”

घरी येऊन नोंद केली. गड्याचं नाव वाडीसकट लिहिलं. घरच्या मालकिणीपुढची जागा कोरी आहे.