एकाचा कसूर, साऱ्यांना शिक्षा?

वर्गात कुणी शिट्टी वाजवली आणि वाजवणारा सापडला नाही, की सारा वर्ग उभा करायचा, ही शाळांतली जुनी सोय. सोय खरी, पण हा इन्साफ आहे का?

इंटरनेट बंद करताना सरकारही हेच करते. 26 सप्टेंबर 2021 रोजी राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. कॉपी करणारे मोजके. खोळंबले ते मोबाइलवर पैसे घेणारे दुकानदार आणि रिक्षावाले.

याला दुसरी बाजूही आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच निरपराध भटक्यांचा बळी घेतला. अफवा मोबाइलवरूनच पसरली होती. मग शासनाने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. पण अफवा खोडणारा खुलासाही त्याच वाटेने येतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. म्हणजे दार बंद न करताही चाळणी लावता येते.

काश्मीरमधील बंदीविषयीच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी बजावले की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत. ज्याला शिक्षा भोगायची, त्याला निदान तिचे कारण तरी कळावे, ही साधी माणुसकी त्यात आहे.

गुन्हेगार शोधणे कष्टाचे असते. ते कष्ट टाळून बेकसुरांना उभे करणाऱ्या शिक्षकाला मुले भितात. त्याच्यावर विश्वास मात्र ठेवत नाहीत. सरकारचे याहून वेगळे कसे असेल?